गर्भपाताची केस आली की खोलीबाहेर जाणाऱ्या आमच्या शिक्षकांना खुले पत्र

वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना आणि विभागप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचीच विद्यार्थिनी. तुमच्यापैकी काहींची प्रत्यक्ष, बाकीच्यांची व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून. गेली 22 वर्षं मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. बाळंतपणं करते, पिशवीच्या गाठी काढते, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांना तपासते आणि गर्भपातही करते. पहिल्या तीन कामांबद्दल बोलताना माझ्यासमोर कुणी कधी आवाज खाली आणलेला नाही. चौथ्याचा विषय निघाला की डॉक्टरसुद्धा आधी दार लोटून घेतात. तो खाली आलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला तुमच्या विभागात. म्हणून हे पत्र सरकारला किंवा न्यायालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर फळ्यावर दिवसाची लिस्ट असायची. सिझेरियन, पिशवी काढायची शस्त्रक्रिया, गाठ. प्रत्येक केससमोर रुग्णाचं नाव, वय, सर्जन कोण, मदतीला कोण. सगळ्यात शेवटी एक रेघ मारलेली आणि तिच्याखाली नुसतं 'सक्शन, 2', म्हणजे नळीनं ओढून करायचे दोन गर्भपात. त्या दोघींना नाव नसायचं, वयही नसायचं. सकाळपासून सर टाक्याटाक्याला प्रश्न विचारत. ही कोणती रक्तवाहिनी, मूत्रनळी इथून किती अंतरावर, धागा हाच का घेतला. चुकलं की बोलणी बसत, पण त्यातून आम्ही घडत होतो. मग रेघेखालच्या केसेसची वेळ यायची. सर हातमोजे काढत म्हणायचे, "ह्या दोन तू करून टाक." आणि जायचे. सीनियरही त्यांच्या मागोमाग. 'करून टाक' हे शब्द त्यांनी सिझेरियनसाठी कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

खोलीत उरायची मी, भूल देणाऱ्या मॅडम आणि एक वयस्क सिस्टर. पहिल्या केसनंतर मी ट्रेमधलं सगळं बादलीत ओतणार, इतक्यात सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, टाकू नका. आधी पाण्यात बघा." त्यांनी ते गाळणीत घेतलं, रक्त धुऊन काढलं आणि काचेच्या उथळ भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडलं. एक्स-रे बघायच्या दिव्याच्या डब्यावर भांडं ठेवलं आणि दिवा लावला. खालून उजेड आला तसं पाण्यात काहीतरी हळूहळू उलगडायला लागलं. पांढरं, तंतुतंतूंचं, पिंजलेल्या कापसाला ओलसर टोकं फुटावीत तसं. बाजूला अस्तराचे जाडसर, लालसर तुकडे तळाशी बसले. "हे पांढरं दिसलं की काम पुरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "नाही दिसलं तर बाईला घरी सोडायचं नाही."

यात 2 मिनिटं गेली असतील. ते शिक्षण मला तुमच्याकडून मिळायला हवं होतं.

त्या 2 मिनिटांनी पुढे काय केलं तेही सांगते. स्वतंत्र काम सुरू केल्यावर काही वर्षांनी एक बाई आली. 6 आठवड्यांच्या आसपास, पोटात फारसं दुखत नाही, बाकी सगळं ठीक. सक्शन झालं. भांड्याखाली दिवा लावला तर पाण्यात नुसतं अस्तर. पुन्हा पाहिलं, पाणी बदलून पाहिलं. पांढरं काही उलगडेना. तिला घरी जायची घाई होती, बाहेर नवरा ताटकळला होता. मी तिला जाऊ दिलं नाही. रक्ततपासणी, पुन्हा सोनोग्राफी, आणि गर्भ नळीत सापडला. नळी फुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली. ती घरी गेली असती तर मध्यरात्री पोटात रक्त साचून कोसळली असती, आणि कदाचित कुठल्याच रुग्णालयापर्यंत पोचली नसती. त्या सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांना शोधून काढून फोन केला, तर म्हणाल्या, "मलाही एका सिस्टरनंच दाखवलं होतं."

म्हणजे बघा, जीव वाचवणारं एक कौशल्य एका सिस्टरकडून दुसरीकडे, तिच्याकडून एखाद्या नवख्या डॉक्टरकडे असं हळूच हस्तांतरित होत राहिलं आणि तज्ज्ञ शिक्षक त्या वेळी खोलीबाहेर होते. ही सिस्टर रजेवर असती तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे 7 कोटी 30 लाख गर्भपात होतात. दर 10 गर्भधारणांपैकी जवळजवळ 3 गर्भधारणांचा शेवट असा होतो. त्यातले सुमारे 45 टक्के असुरक्षित असतात. आमच्या विषयात याहून अधिक वेळा घडणाऱ्या गोष्टी किती आहेत? ज्या दुर्मीळ गाठींवर तुम्ही आमच्याकडून तासन्‌तास पाठांतर करून घेतलंत, त्यातल्या काही मी 22 वर्षांत एकदाही पाहिलेल्या नाहीत. आणि जे मी आठवड्यातून अनेकदा करते, त्यावर पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात तुमचा एकच तास झाला, तोही कायद्याच्या कलमांवर. स्त्रीशी काय बोलायचं, ती गोंधळलेली असेल तर थांबायचं कसं, कुणाच्या दबावाखाली आली असेल तर ते ओळखायचं कसं, यावर एक शब्द नाही.

न शिकवण्याची किंमत बायकांच्या शरीरावर उमटते. धारदार क्युरेटनं, म्हणजे चमच्यासारख्या हत्यारानं, पिशवी खरवडणं ही पद्धत सोडून द्या, त्याऐवजी सक्शन किंवा औषधं वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षं सांगते आहे. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही ते स्पष्ट लिहिलं आहे. हातानं चालवायची सक्शनची सिरिंज आली त्याला दशकं झाली. तिला वीज लागत नाही, मोठी भूल लागत नाही. औषधांनी होणारा गर्भपात 1988 पासून, म्हणजे फ्रान्सनं मिफेप्रिस्टोनला मान्यता दिली तेव्हापासून, उपलब्ध आहे. तरीही 'क्युरेटिंग' हा शब्द आपल्या तोंडातून जात नाही आणि ते हत्यार ट्रेमधून जात नाही. माझ्याकडे एक तरुणी आली होती, 3 वर्षं मूल राहत नव्हतं, पाळी जेमतेम डाग पडण्याइतकी. दुर्बिणीतून पाहिलं तर पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. पूर्वी कधीतरी गर्भपात झाला होता, खूप खरवडलं होतं. ज्यानं केलं तो वाईट डॉक्टर होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही रेघेखालची केस एकट्यानं 'करून टाकायला' सांगितलेली असणार, आणि आत काही राहू नये या भीतीनं त्यानं हात थांबवला नसणार.

तुमच्या आधीच्या पिढीला हे सगळं पटवून द्यावं लागत नव्हतं. एका निवृत्त मॅडमनी मला त्यांच्या उमेदवारीच्या काळातला वॉर्ड वर्णन करून सांगितला होता. गर्भ पाडण्यासाठी काड्या, मुळ्या, कसलीकसली द्रावणं वापरून आलेल्या बायकांसाठी वेगळा वॉर्ड. तापानं फणफणलेल्या, पोट फुगलेल्या, लघवी बंद झालेल्या. "त्या वॉर्डाचा वास ज्यानं घेतला," त्या म्हणाल्या, "त्याला गर्भपातावर भाषण देत बसावं लागत नाही." रुमानियात 1966 मध्ये एका फर्मानानं गर्भपातावर कडक बंदी आली आणि 1989 च्या डिसेंबरात राजवट कोसळताच ती उठली. त्यानंतर एका वर्षात तिथलं मातामृत्यूंचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. आजच्या विद्यार्थ्यानं तो वॉर्ड पाहिलेला नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे त्याला फक्त 10 मिनिटांची एक साधी प्रक्रिया दिसते, तीही रेघेखाली, आणि वरिष्ठ तिच्याकडे पाठ फिरवताना दिसतात. यातून तो काय शिकणार? तो शिकतो की हे हलकं काम आहे, आणि हलकं काम करणारे डॉक्टरही हलके.

आता आमच्या रोजच्या आयुष्याबद्दल बोलते, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसावं.

नवीन माणूस भेटला आणि त्यानं विचारलं, तुम्ही नेमकं काय करता, की माझ्या मनात एक हिशेब सुरू होतो. हा माणूस कोण, कुणाच्या ओळखीचा, याला सांगितलं तर मुलीच्या शाळेपर्यंत जाईल का. मग मी म्हणते, "स्त्रीरोगतज्ज्ञ आहे," आणि विषय बदलते. न सांगितल्याचं मग दिवसभर बोचत राहतं, आणि सांगितलं असतं तर समोरचा गप्प झाल्याचं बोचलं असतं. आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मुलगी घरी सांगते की ती दातांच्या दवाखान्यात काम करते. आमच्या मावशी, ज्या बाईच्या उशाशी उभ्या राहून तिचा हात धरतात आणि ज्यांच्याशिवाय मी एकही केस सुरू करणार नाही, त्यांना जावेनं एकदा विचारलं, "तुला झोप कशी लागते?" त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "मी म्हटलं, बाई घरी नीट पोचली की लागते."

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. लिसा हॅरिस स्वतः हे काम करतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गर्भपातसेवेत काम करणाऱ्या वेगवेगळ्या थरांतल्या माणसांना एकत्र बसवून बोलतं केलं आणि 2011 मध्ये त्यावर लेख लिहिला. सांगायचं की नाही हा हिशेब या माणसांना रोज करावा लागतो आणि दोन्हीकडून झीज होते, हे त्यात आलं आहे. ते वाचताना मला कुणीतरी माझी डायरी उघडल्यासारखं वाटलं. हॅरिस यांनी पुढे आणखी एक गोष्ट मांडली, जी तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. चांगले, नावाजलेले, प्रशिक्षित डॉक्टर हे काम करतात पण बोलत नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं की असलं काम चांगले डॉक्टर करतच नाहीत. त्यामुळे बोलणं आणखी अवघड होतं. हे चक्र कुठून तोडायचं? माझ्यासारख्या एकट्या डॉक्टरनं तोंड उघडलं तर तिच्या दवाखान्याबद्दल कुजबुज वाढते. विभागप्रमुखानं वर्गात उभं राहून "मी गर्भपात करतो, कसा करतो ते दाखवतो" असं म्हटलं तर 60 विद्यार्थ्यांच्या मनातली कुजबुज त्याच दिवशी थांबेल.

आणि ही कुजबुज डॉक्टरांमध्ये किती खोल गेली आहे ते पाहा. एका रात्री साडेदहाला ओळखीच्या एका सर्जनचा फोन आला. "नात्यातली मुलगी आहे. जरा मिटवून टाका. फक्त रजिस्टरला नाव नको." मी म्हटलं, नाव येणार. रजिस्टर कुलपात राहतं, त्यातलं नाव मी कुणाला दाखवत नाही. पण ज्या रुग्णाची नोंद नाही, तिला पहाटे रक्तस्राव झाला तर ती कुणाचीच रुग्ण नसते. ते चिडले. तरी सकाळी मुलीला घेऊन आले. मुलगी 19-20 वर्षांची, समजूतदार, प्रश्न नेमके विचारणारी. सगळं नीट झालं. दीड महिन्यानं एका परिषदेत आम्ही समोरासमोर आलो, तेव्हा त्यांनी मला ओळख दाखवली नाही. राग मला तेव्हा आला नाही, नंतर घरी आल्यावर आला. आपल्या घरची मुलगी माझ्या हाती सोपवण्याइतका विश्वास आहे, आणि चार लोकांत नमस्कार करण्याइतकी ओळख नाही!

आता एक अवघड गोष्ट. ही लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

हव्याहव्याशा गरोदरपणातली एक बाई. 20 व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झालेली नाहीत. भोवती पाणी नाही, पाण्याविना फुप्फुसं वाढणार नाहीत, जन्मानंतर श्वास घेता येणार नाही. नवरा-बायकोनं 4 दिवस घेतले, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलं आणि मग आले. औषधं दिली, कळा सुरू झाल्या, रात्र गेली. पहाटे झालं. तिला बघायचं होतं. आमच्या सिस्टरनी पांढऱ्या धुतलेल्या कापडात गुंडाळून, कडा आत मुडपून, फक्त चेहरा दिसेल असं तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं एक नाव उच्चारलं. मी तिथेच उभी होते. नऊला ओपीडी सुरू झाली, पहिली रुग्ण पाचव्या महिन्याची, हसत आली, मीही हसले. रात्री मुलगी मला शाळेतलं काहीतरी सांगत होती. "आई, ऐकतेस ना?" असं तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला कळलं की माझं लक्ष कुठेच नाही.

हे मी कुणाशी बोलू? ज्यांना गर्भपात बंद व्हायला हवा आहे, त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, पाहा, डॉक्टरलाच सोसवत नाही. स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, हे बाहेर बोलू नकोस, लोक याचं भांडवल करतील. त्यांचंही चूक नाही, भांडवल होतंच. पण कॅन्सरच्या लहान मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला एखादा दिवस पेलवला नाही, तर त्याचं काम चुकीचं आहे असा निष्कर्ष कुणी काढत नाही. उलट सहकारी त्याच्या शेजारी येऊन बसतात. आम्हाला मात्र प्रत्येक वाक्य तोलून मगच बोलावं लागतं, म्हणून आम्ही बोलतच नाही. त्या दिवशीचा माझा निर्णय बरोबर होता आणि तो दिवस मला जड गेला. ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलता येतील अशी जागा मला विभागात हवी होती. मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक दर महिन्याला होते, तशी अर्धा तास याचीही झाली असती तर पुष्कळ होतं.

असे दिवस थोडे. आमच्या कामातले बहुतेक दिवस वेगळे असतात, आणि तेही तुम्हाला कुणी सांगितलेले नाहीत. आठवड्यांच्या मळमळीनंतर बाई डोळे उघडते, थोडा वेळ पडून राहते आणि म्हणते, "मला भूक लागली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याची वाट पाहते. कुणी नुसतीच शांत झोपते, कित्येक रात्रींनंतर पहिल्यांदा. एक बाई कपडे घालून निघताना दारातून परत आली आणि तिनं विचारलं, "तुम्ही मला काहीच कसं बोलला नाहीत?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, ती बोलणी खाण्याची तयारी करून आली होती. सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी गर्भपात झालेल्या स्त्रियांना 5 वर्षं वेळोवेळी विचारलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार 5 वर्षांनंतरही 95 टक्क्यांहून अधिक जणींना आपला निर्णय योग्यच वाटत होता. मी हे माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर आधीच वाचलं होतं. या कामानं मला जे समाधान दिलं ते दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेनं दिलेलं नाही, आणि एवढ्या वर्षांत एकाही वरिष्ठानं मला त्याबद्दल विचारलेलं नाही.

ज्यांना हे काम सद्सद्विवेकानं करवत नाही त्यांच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. आमच्याकडे एक तरुण सिस्टर होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "मॅडम, मी हत्यारं हातात देणार नाही. नंतर बाईकडे बघेन." तिनं शब्द पाळला. पांघरूण घालणं, नाडी बघणं, वेदना किती ते विचारणं, सगळं ती जीव लावून करायची. असा नकार मला समजतो. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात अशी मुभा आहे आणि त्याच कलमात हेही आहे की स्त्रीचा जीव वाचवायचा असेल किंवा गंभीर, कायमची इजा टाळायची असेल तर ही मुभा चालणार नाही. इटलीत 1978 पासून कायदा आहे, पण निम्म्याहून अधिक स्त्रीरोगतज्ज्ञांनी नकार नोंदवलेला आहे, त्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं तेच काम येतं. स्वीडन ही मुभा देत नाही. तिथल्या दोन सुइणींनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, ती 2020 मध्ये फेटाळली गेली. कोणती वाट बरी यावर वाद घालता येईल. मला त्रास होतो तो आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या तिसऱ्या प्रकाराचा. नकार देणारा डॉक्टर तसं सांगत नाही. तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात या. मग सांगतो, आणखी एक तपासणी करा. मग, आता उशीर झाला. त्या बाईचे 3 आठवडे जातात, आणि जी गोष्ट गोळ्यांच्या 2 टप्प्यांत झाली असती ती रुग्णालयात दाखल होऊन करावी लागते. विद्यार्थ्यांना नकार द्यायलाही शिकवा. पहिल्या भेटीत, स्पष्ट शब्दांत, पुढच्या डॉक्टरचं नाव आणि पत्ता हातात देऊन.

कायदा अस्पष्ट असला की डॉक्टरच्या डोक्यात काय चालतं, हे 2012 च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये जगानं पाहिलं. सविता हालप्पनवार, 31 वर्षांच्या दंतवैद्य, मूळच्या भारतातल्या. गरोदरपणाच्या 17 व्या आठवड्यात गर्भ आपोआप पडणं अटळ झालं होतं, त्यांनी गर्भ काढून टाकायची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू होते म्हणून ती मान्य झाली नाही. रक्तात संसर्ग पसरून 28 ऑक्टोबरला त्या गेल्या. 2018 च्या मे महिन्यात 66 टक्क्यांहून अधिक मतांनी आयर्लंडनं आपल्या घटनेतली, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी तरतूद रद्द केली. मी त्या प्रकरणाकडे नेहमी डॉक्टरच्या बाजूनंही पाहते. बाई किती आजारी झाली म्हणजे हात घालायचा, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. 24 जून 2022 ला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून तिथल्या अनेक राज्यांतले डॉक्टर नेमक्या याच प्रश्नापाशी उभे आहेत. अशा वेळी ज्या डॉक्टरनं विद्यार्थिदशेत हे काम उजेडात, गुरूच्या शेजारी उभं राहून केलेलं असतं, त्याचा हात लवकर निर्णय घेतो असा माझा अनुभव आहे. ज्यानं ते फक्त रेघेखाली पाहिलेलं असतं तो आधी वकिलाला फोन लावतो.

भीतीबद्दल फार लिहित नाही. अमेरिकेत गर्भपात करणाऱ्या डॉ. डेव्हिड गन यांना 1993 मध्ये त्यांच्या दवाखान्याबाहेर, डॉ. बार्नेट स्लेपियन यांना 1998 मध्ये स्वतःच्या घरात, डॉ. जॉर्ज टिलर यांना 2009 मध्ये चर्चमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. 1994 च्या डिसेंबरात तिथल्याच ब्रुकलाइन इथल्या दवाखान्यांत मारल्या गेलेल्या दोघी जणी डॉक्टर नव्हत्या, स्वागतकक्षात बसणाऱ्या होत्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2024 च्या ऑक्टोबरअखेरपासून अशा दवाखान्यांभोवती 150 मीटरचा संरक्षित पट्टा आखावा लागला आहे. माझ्यावर कुणी हात उगारलेला नाही. पण खिडकीवरची ती मुलगी घरी दातांच्या दवाखान्याचं नाव सांगते, तेव्हा मला ब्रुकलाइनच्या त्या दोघी आठवतात.

सर, मॅडम, माझं मागणं मोठं नाही. ओटीच्या लिस्टवरची ती रेघ पुसा. त्या केससमोर इतर केसेससारखं नाव, वय आणि सर्जनचं नाव येऊ दे. 'करून टाक' म्हणू नका, 'कर' म्हणा आणि शेजारी थांबा. धारदार क्युरेट ट्रेमधून काढा. स्त्रीशी बोलायचं कसं हे तुम्ही स्वतः बोलून दाखवा, कारण विद्यार्थी शब्दांपेक्षा तुमचा आवाज उचलतो. सिस्टर, मावशी आणि खिडकीवरची मुलगी यांनाही त्या अर्ध्या तासाच्या बैठकीत बोलवा. परीक्षेत यावर तोंडी प्रश्न विचारा. आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते कुणी शिकत नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता.

आणि विभागात हे शिकवायला कुणी तयार नसेल तर मला बोलवा. मी स्वखर्चानं येईन. गाळणी आणि काचेचं भांडं मी आणते, दिव्याचा डबा तुमच्याकडे असेलच. विद्यार्थ्यांना भोवती उभं करू, एकेकाला जवळ बोलावून पाण्यात काय बघायचं ते दाखवू. त्या वेळी तुम्ही फक्त खोलीतून जाऊ नका.

आपली नम्र,
तुमची एक विद्यार्थिनी